‘दत्तक पालक’ योजनांचे वाङ्मय : एक चिकित्सा

१

नोकरीत स्थिरावलेले आपले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, परिचारिका, अभियंते अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात. पगारातून दरमहा काही रक्कम बाजूला काढून एखाद्या गरजू मुलाच्या शिक्षणाचा भार उचलायचा आहे. पण जिथे देवधर्म नाही, पूजापाठ नाही, कुणाला कुठल्या धर्मात ओढण्याचा उद्योग नाही, अशीच संस्था हवी. ती कोणती? विचारणारे बहुतेक जण त्यांच्या घरातले पहिले पदवीधर आहेत. मीही त्यांच्यातलीच. हा प्रश्न विचारावासा वाटणे ही आपल्या चळवळीचीच कमाई आहे, हे आधी नोंदवते.

एखाद्या संस्थेचे नाव सांगून हा प्रश्न मिटवता येईल. पण तो तसा मिटवू नये असे मला वाटते. या संस्था जे लिहितात, म्हणजे त्यांची पत्रके, मुलांची माहितीपत्रके, दात्याला जाणारी आभाराची पत्रे, हे सगळे एक प्रकारचे वाङ्मय आहे. त्याला निवेदक आहे, नायक आहे, वाचक आहे. आपण कथा-कवितेची चिकित्सा करतो, तशीच या वाङ्मयाचीही केली पाहिजे. संस्था धर्माच्या बाहेर आहे की नाही, हे तिच्या घटनेतल्या कलमापेक्षा तिच्या भाषेत लवकर कळते.

म्हणून आधी शब्द पाहू. मराठीत देण्यासंबंधीचे किती शब्द धर्माला चिकटलेले आहेत! दानधर्म हा तर जोडशब्दच. दारातला भिकारी ‘धर्म करा’ म्हणतो. फुकट औषध देणारा तो धर्मार्थ दवाखाना, फुकट उतरू देणारी ती धर्मशाळा. पूर्णपणे निधर्मी संस्था काढायची म्हटली तरी तिची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातच होते. आणि ‘दत्तक’? हिंदू परंपरेत दत्तक घेतला जाई तो मुख्यतः वंश चालावा आणि पिंडदान करायला पुत्र असावा म्हणून, आणि तोही आपल्याच जातीतला. महाराष्ट्र शासनाने ऐंशीच्या दशकात शाळेतल्या गरीब मुलींसाठी योजना काढली. तिला नाव दिले सावित्रीबाईंचे, पण शब्द वापरला ‘दत्तक पालक’ हाच. या पालकत्वात मूल कुणी घरी नेत नाही. आपल्या ताटाशेजारी त्याचे ताट मांडत नाही. आडनाव देत नाही, वारसा देत नाही. महिन्याला ठरावीक रक्कम पाठवतो आणि स्वतःला पालक म्हणवून घेतो. ज्या मुलीचे आईबाप राबून तिला शाळेत पाठवतात, त्यांना बाजूला सारून पालक हे पद पैसे देणाऱ्याला बहाल करणारा हा शब्द आहे.

आपल्या समाजाला या भाषेचा अनुभव जुना आहे. महारकीच्या कामाचा मोबदला म्हणून येसकराला भाकरी मिळे. गाव म्हणे, तो त्याचा हक्क आहे. पण तो हक्क घ्यायला दारोदार उभे राहून ‘जोहार मायबाप’ म्हणावे लागे. हक्काला भिकेचे रूप देणे ही या व्यवस्थेची सर्वांत मोठी चलाखी. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात वतनाविषयीचे विधेयक आणले ते या मिंधेपणाच्या मुळावर घाव घालण्यासाठी. तेव्हा मदत धार्मिक की निधर्मी, एवढेच विचारून आपले भागणार नाही. घेणाऱ्याला ती मिंधे करते की नाही, हा आपला प्रश्न आहे.

२

आता पत्रक उघडू. बहुतेक पत्रकांवर एका मुलाचे छायाचित्र असते. मूल खालून वर पाहत असते, म्हणजे कॅमेरा वरून धरलेला असतो. खाली नाव, वय, इयत्ता. वडील नाहीत किंवा आजारी आहेत, आई मोलमजुरी करते. आणि मग आवाहन, रोजच्या चहाच्या पैशांत या मुलाचे आयुष्य बदला. भाषा साधी, वाक्ये छोटी. मन हेलावून टाकण्याची ताकद त्यात निश्चित आहे.

पण या कथेत काय नाही ते पाहा. मुलाला गाव नाही. जात नाही. आई कुणाच्या शेतात राबते, तिला किती मजुरी मिळते, जमीन कुणाची, हे नाही. बाप कशाने गेला, गटारात उतरला होता की खाणीत, हे नाही. पत्रकातली गरिबी पावसासारखी आभाळातून पडलेली असते. तिला कारण नसते आणि म्हणून तिला गुन्हेगारही नसतो. वाचक अस्वस्थ होतो, पण अपराधी होत नाही. त्याच्याकडून पैसे हवे असतात, प्रश्न नको असतात. ही निवड कलात्मक नाही, सामाजिक आहे. प्रस्थापित साहित्याने वर्षानुवर्षे दलित पात्राकडे ज्या कणवेने पाहिले, त्याच कणवेची ही छोटी आवृत्ती आहे.

हे वाङ्मय जन्मले कुठे, हे पाहण्यासारखे आहे. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात ब्रिटिश पत्रकार जॉन लँग्डन-डेव्हिस यांना होसे नावाचा एक मुलगा भेटला. ज्याला हा सापडेल त्याने याची काळजी घ्यावी, अशी त्याच्या बापाने लिहिलेली चिठ्ठी त्याच्याजवळ होती. त्यातून निर्वासित मुलांसाठी एक योजना निघाली आणि तिची पुढे ‘प्लॅन इंटरनॅशनल’ ही संस्था झाली. या बापाने चर्चला किंवा देवाला हाक घातली नव्हती. ज्याला मूल सापडेल त्या कुणाही माणसाला घातली होती. निधर्मी बालसाहाय्याचा हा आरंभ मला मोलाचा वाटतो. १९३८ मध्ये अमेरिकेत एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने चिनी मुलांसाठी निधी उभारला. १९५० मध्ये ‘वर्ल्ड व्हिजन’ आणि १९५२ मध्ये ‘कम्पॅशन’ या ख्रिस्ती संस्था निघाल्या आणि कोरियन युद्धातल्या अनाथांसाठी त्यांनी हीच पद्धत वापरली. १९७२ मध्ये इंग्लंडमध्ये ‘अ‍ॅक्शनएड’ सुरू झाली ती ८८ दात्यांनी भारत आणि केनियातल्या ८८ मुलांचा खर्च उचलून. धार्मिक असो की निधर्मी, दोघांचा साचा एकच: एक दाता, एक मूल, एक छायाचित्र, एक पत्र.

या साच्यावर टीका बाहेरच्यांनीही केली. ‘न्यू इंटरनॅशनॅलिस्ट’ या मासिकाने १९८२ मध्ये या प्रथेविरुद्ध अंकच काढला. एका घरातल्या एका मुलाला वही मिळते, भावंडांना मिळत नाही. दात्याला पत्र मिळावे म्हणून कार्यकर्त्यांचे दिवस पत्रे लिहून घेण्यात जातात. आणि गावाच्या दारिद्र्याचे मूळ जिथल्या तिथे राहते, असा या टीकेचा आशय होता. १९९८ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ने नामवंत संस्थांमार्फत मुले ‘दत्तक’ घेऊन प्रत्यक्ष शोध घेतला, तेव्हा दात्याचे पैसे चालू आणि मूल मात्र केव्हाच मरण पावलेले, असाही प्रकार उघड झाला. मूल नसले तरी त्याची कथा चालू राहू शकते. कथा मुलाच्या मालकीची नसल्याचा याहून ठळक पुरावा कोणता?

आपल्याकडचे उदाहरण पाहा. रिप्पन कपूर आणि त्यांच्या मित्रांनी १९७९ मध्ये मुंबईत पन्नास रुपयांवर ‘क्राय’ ही संस्था सुरू केली. ती निधर्मी. नावातल्या आद्याक्षरांचा पहिला विस्तार ‘चाइल्ड रिलीफ अँड यू’ असा होता. २००६ मध्ये तो ‘चाइल्ड राइट्स अँड यू’ असा झाला. ‘रिलीफ’ गेले, ‘राइट्स’ आले; दिलासा जाऊन हक्क आला. एका अक्षरालाही धक्का न लावता झालेला हा बदल मला महत्त्वाचा वाटतो. मात्र आद्याक्षरांतून होणारा इंग्रजी शब्द अजूनही ‘रडणे’ हाच आहे. हक्क मागणारे मूलही आधी रडताना दाखवावे लागते, ही त्या एका संस्थेची नव्हे, देणाऱ्या समाजाची अडचण आहे.

३

पत्रकातल्या मुलाशेजारी आपल्या साहित्यातले मूल उभे करा. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ मध्ये आले. आईबाप लहानपणीच गेलेले, बहिणीच्या आश्रयाला राहिलेले, उपाशीपोटी शाळा गाठणारे हे मूल. माहितीपत्रकात त्याची नोंद एका ओळीत संपली असती: अनाथ, हुशार, मदतीस पात्र. पुस्तकात मात्र ते मूल पाहते, तोलते, लाजते, रागावते. कुणी दिलेला घास कोणत्या शब्दांसह आला हे ते विसरत नाही. पुढे हेच मूल मिलिंद महाविद्यालयात शिकते, प्राध्यापक होते आणि स्वतःची गोष्ट स्वतःच्या बोलीत सांगते.

‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), ‘अक्करमाशी’ (१९८४), ‘उचल्या’ (१९८७), ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या आत्मकथनांनाही हेच लागू आहे. ती ‘मदतीस पात्र’ मुलांनी मोठेपणी लिहिलेली उत्तरे आहेत. त्यांत गरिबीला कारण आहे, कारणाला नाव आहे, आणि नाव घेण्याची हिंमत आहे. टीकाकारांनी या पुस्तकांवर एकसुरीपणाचा आरोप केला. मला उलट एकसुरी वाटते ते आभाराच्या पत्रांचे वाङ्मय. हजारो मुले, शेकडो गावे, आणि मजकूर एकच: मी बरी आहे, अभ्यास करते, तुमच्यामुळे शिकते. ज्या पत्रात तक्रार करायला जागा नाही त्या पत्राला पत्र कसे म्हणावे?

हे बाहेरून पाहून लिहिलेले नाही. मी ज्या वसतिगृहात राहून शिकले तिथे वर्षातून एकदा देणगीदारांचा दिवस असे. संस्था स्वतःला धर्मनिरपेक्ष म्हणवत असे. आम्ही मुली रांगेत उभ्या राहून देणगीदारांना ओवाळत असू; ताटात कुंकू, तांदूळ, निरांजन. आधी सरस्वतीच्या तसबिरीला हार, मग ईशस्तवन. आमच्यात बौद्ध मुली होत्या, मुसलमान होत्या, पारधी होत्या. तुम्हाला हे करायचे आहे का, असे कुणी कुणाला विचारल्याचे मला आठवत नाही. त्या दिवशीचे जेवण चांगले असे, हेही खरे.

४

इथे ‘निधर्मी संस्था’ या कल्पनेचाच कस लागतो. चर्चच्या वसतिगृहात मुलाने येशूची प्रार्थना म्हटली की ते धर्मांतर. मदरशात कलमा म्हटला की ती कट्टरता. आणि ‘धर्मनिरपेक्ष’ संस्थेत सरस्वतीपूजन झाले, ओवाळणी झाली, की ती संस्कृती! बहुसंख्याकांचा धर्म हवेसारखा असतो, तो दिसत नाही. त्यामुळे पत्रकावर देवाचे चित्र नाही एवढ्यावर संस्था निवडणारा दाता फसण्याची शक्यता फार.

मिशनांविषयी बोलताना आपण कृतघ्न होऊ नये. गावची शाळा आपल्या पणज्यांना ओसरीवरही बसू देत नव्हती, तेव्हा तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनने शाळा काढल्या. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. तिथे मिळालेले वाचले, पारखले आणि १८४८ मध्ये स्वतःची शाळा काढली. धर्माच्या पैशाने शिकलेला माणूस धर्माचा गुलाम होतोच असे नाही. पण त्याला नकार देता आला पाहिजे.

नकाराचा हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात फार गाजला होता. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत निघाले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आले. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा, अट धर्मनिरपेक्षतेची. आजच्या परिभाषेत सांगायचे तर परदेशी दात्यांनी चालवलेली ही एक निधर्मी योजना होती, उच्चवर्णीय विधवांसाठी. काही मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला बसू लागल्या. रमाबाई म्हणाल्या, मी कुणाला बोलावत नाही, पण माझे दारही बंद करणार नाही. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले, ‘केसरी’ने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या. या वादावर पुष्कळ लिहिले गेले. त्यात रमाबाईंची बाजू आहे, सुधारकांची आहे, सनातन्यांची आहे. ज्या मुलींवरून हे सगळे झाले त्यांना काय हवे होते, हे मात्र त्या गदारोळात बुडून गेले.

असाच प्रकार आपल्या काळात घडला. ‘कम्पॅशन’ ही संस्था भारतात स्थानिक चर्चांमार्फत सुमारे १,४५,००० मुलांना मदत करत होती. पैसा धर्मांतरासाठी वापरला जातो असा आरोप झाला, संस्थेने तो नाकारला, २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिच्या पैशावर पूर्वपरवानगीची अट घातली आणि मार्च २०१७ मध्ये तिने भारतातले काम बंद केले. आता एक अडचणीची गोष्ट सांगते. ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवे आणि लेन रटलेज या अर्थशास्त्रज्ञांनी याच संस्थेच्या कामाचा भारतासह सहा देशांत अभ्यास केला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मदत मिळालेली मुले इतरांपेक्षा सरासरी १.०३ ते १.४६ वर्षे अधिक शिकली, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे धार्मिक संस्थेचा पैसा कामाला आला. एका पिढीत एखादे वर्ष जास्त शाळा म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

मग आपला आक्षेप उरतो का? उरतो, पण नेमका मांडला पाहिजे. धार्मिक मदत निरुपयोगी असते असे आपण म्हणू नये, ते खोटे आहे. आपला आक्षेप असा की अशा मदतीत मुलाचे शिक्षण एका चर्चच्या हेतूला आणि एका सरकारच्या संशयाला बांधले जाते. दोघांचे भांडण झाले की वही मुलाच्या हातातून जाते. आणि मुलाला आधी एकाने विचारलेले नसते, नंतर दुसऱ्याने.

विचारणे म्हणजे संमती. यासाठी आपल्याकडे नवी कसोटी शोधण्याची गरज नाही. ती संविधानाच्या अनुच्छेद २८ मध्ये आहे. संपूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही स्वतःच्या, आणि अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही. इथे पालक म्हणजे आईबाप, दाता नव्हे. खासगी देणगीवर चालणाऱ्या वसतिगृहाला कायद्याने हे बंधन नसेल, तरी नैतिक कसोटी म्हणून ते आपण लावू शकतो. प्रार्थनेच्या वेळी जे मूल बाहेर अंगणात बसून राहील, त्याला संध्याकाळी तेवढीच भाकरी, तेवढीच माया मिळते का?

५

काही कार्यकर्ते म्हणतील, हा सगळा खासगी दानाचा घोळ आहे. मुलाला शिकवणे हे शासनाचे काम, ते त्याच्याकडूनच करवून घ्यावे. तत्त्वतः हे मला मान्य आहे. बाबासाहेब स्वतः बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले. ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची होती आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. करारात अटी स्पष्ट होत्या, प्रार्थना नव्हती. पण १९१७ मध्ये त्याच बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका राजाच्या चांगुलपणाला किती मर्यादा असतात हे त्यांनी अंगावर झेलले होते. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सरकारी तिजोरीतून शिष्यवृत्तीची तरतूद करून घेतली आणि १९४४-४५ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. दान ते हक्क हा प्रवास त्यांनी एकाच आयुष्यात करून दाखवला. तुम्हीआम्ही त्याच वाटेने आलो.

पण शासनाचा हात तरी निधर्मी आहे का? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. शीख त्यात १९५६ मध्ये आले. आपण त्याच वर्षी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि केंद्राच्या लेखी अस्पृश्यतेचे चटके एका रात्रीत थंड झाले! महाराष्ट्राने नवबौद्धांना आपल्या पातळीवर सवलती दिल्या. केंद्राने बौद्धांना हा दर्जा दिला तो १९९० मध्ये. चौतीस वर्षे. आणि दलित ख्रिस्ती व दलित मुसलमान मुलाला आजही तो नाही. म्हणजे ज्याला आपण सर्वांत निधर्मी दाता समजतो, तोही अर्जात धर्माचा रकाना पाहून पैसे देतो.

धर्म विचारून मदत देणे किंवा नाकारणे म्हणजे काय, हे आपल्याइतके दुसऱ्या कुणी भोगलेले नसेल. म्हणूनच आपल्या पैशाने शिकणाऱ्या मुलाला तो प्रश्न विचारला जाणार नाही, ही जबाबदारी आपल्यावर इतरांपेक्षा अधिक आहे.

६

आता घरातला विषय. आपल्यापैकी अनेक जण ‘निधर्मी’ संस्था शोधताना मिशन नको, संघाशी नाते सांगणारी संस्था नको असे म्हणतात आणि शेवटी एखाद्या विहाराशी जोडलेल्या वसतिगृहाला पैसे देतात. त्यात गैर काही नाही. पण तिथे पहाटे वंदनेला न बसण्याची मुलाला मुभा आहे का, हे आपण विचारत नाही. कुणी विचारलेच तर उत्तर तयार असते: बौद्ध धम्म हा धर्म नव्हेच, बाबासाहेबांनी धर्म आणि धम्म यांत फरक केला आहे, तेव्हा ही निधर्मीच संस्था.

हा युक्तिवाद मला सोयीचा वाटतो. बाबासाहेबांनी तो फरक केला हे खरे. धर्म व्यक्तिगत, धम्म सामाजिक, हे त्यांचे म्हणणे आपण शिकवतो. पण पहाटे पाच वाजता झोपेतून उठवलेल्या मातंग किंवा वडार मुलाला तो फरक कसा कळावा? त्याच्या लेखी ती भाकरी देणाऱ्याची प्रार्थना असते. एखाद्या परंपरेचे नाव कालामांना स्वतः तपासून पाहा म्हणून सांगणाऱ्या बुद्धाशी जोडलेले असेल, तर तिथे न बसण्याचा हक्क इतरांपेक्षा मोठा असायला हवा.

बाबासाहेबांच्या संस्था पाहा. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ मधली, पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ मधली. सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये आणि औरंगाबादचे, आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, महाविद्यालय १९५० मध्ये निघाले. त्यांची दारे सर्व जातिधर्मांना उघडी होती. औरंगाबादच्या परिसराला नागसेनवन म्हणतात, पण महाविद्यालयाला नाव मिळाले मिलिंदाचे. नागसेन हा उत्तरे देणारा भिक्खू. मिलिंद हा त्याला प्रश्न विचारणारा राजा. विद्यार्थ्याने कुणासारखे व्हावे हे त्या नावात आहे. आपल्या संस्थांनी स्वतःला मोजायचे तर या मापाने मोजावे.

७

मग संस्था निवडायची कशी? मी नावे देत नाही, प्रश्न देते. ते कुठल्याही संस्थेला विचारा. मिशनला विचारा, मोठ्या शहरातल्या निधर्मी न्यासाला विचारा आणि आपल्या विहाराच्या वसतिगृहालाही विचारा.

प्रार्थना, पूजा, वंदना, ओवाळणी यांतून बाहेर राहण्याची मुलाला मुभा आहे का, आणि ती मुलाला ठाऊक आहे का? मुलाचे छायाचित्र आणि कहाणी मागवली जाते का? २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करायला मनाई करते. त्यामागची भावना पत्रकांनाही लावली पाहिजे. दात्याला पत्र लिहिणे ऐच्छिक आहे का, आणि त्यात तक्रार लिहिता येते का? पैसा एका निवडलेल्या मुलापुरता जातो की त्याची भावंडे, त्याची वस्ती, त्याची शाळा यांनाही पोचतो? मी उद्या देणे थांबवले तर त्या मुलाचे वर्ष कुठल्या निधीतून पुरे होईल? संस्थेच्या विश्वस्तांत, ज्या वस्त्यांतून मुले येतात तिथले किती जण आहेत? लेखापरीक्षित हिशेब मागितल्यावर मिळतो का?

आणि शेवटचा प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ही संस्था मुलाचा हक्क शासनाकडे मागते का? ‘मिशन वात्सल्य’च्या २०२२ च्या सूचनांप्रमाणे पात्र मुलाला आपल्या कुटुंबात राहून शिकण्यासाठी दरमहा ४,००० रुपयांचे साहाय्य आहे. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित व दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या आहेत. विधवा आईला दाखले गोळा करून देणारा, तलाठ्याकडे आणि बालकल्याण समितीकडे तिच्याबरोबर जाणारा कार्यकर्ता ज्या संस्थेत पगारावर आहे, ती संस्था मुलाला हक्कदार करते. जी संस्था हे काम टाळून केवळ दाते गोळा करते, ती मुलाला कायमचे पत्रकातच ठेवते. आपल्या पैशातून त्या कार्यकर्त्याचा पगार होत असेल तर ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून नाक मुरडू नये. त्याची एक फेरी अनेकदा आपल्या वर्षाच्या देणगीपेक्षा अधिक काम करते.

शब्दांपासून सुरुवात केली होती. धर्माला न चिकटलेला एक शब्द आपल्या वस्त्यांत रोज वापरात आहे: वर्गणी. जयंतीची वर्गणी, समाजमंदिराची वर्गणी, मोर्च्याच्या गाडीची वर्गणी. वर्गणी देणारा पावती घेतो आणि हिशेब विचारतो. ज्याने दहा रुपये दिले तोही विचारतो, ज्याने हजार दिले तोही. वर्गणीतून झालेल्या जेवणात कुणी कुणाचे आभार मानत नाही, कारण ते सगळ्यांचे असते. एकट्याने एक मूल ‘दत्तक’ घेऊन त्याच्या पत्राची वाट पाहण्यापेक्षा, एका शाळेतल्या, एका बँकेतल्या दहा जणांनी मिळून एका वस्तीतल्या मुलांच्या शिक्षणाची वर्गणी भरावी. कुणाचे पैसे कुठल्या मुलाला गेले हे देणाऱ्यालाही कळू नये आणि घेणाऱ्यालाही.

ती मुले उद्या शिकतील. त्यांतली काही बुद्ध मानतील, काही येशू, काही अल्ला, काही खंडोबा, काही कुणालाच नाही. काही आपल्यावरच टीका करणारे लेख लिहितील, आणि ते याच पानांवर छापून आले पाहिजेत. वर्गणी भरताना एवढी तयारी ठेवावी.